जगरामच्या गाडीची माती

पुण्यात घोरपडीतलं ते घर मला आधी वासाने कळलं. कांदा-लसूण मसाल्याची फोडणी आणि रंगाचं थिनर, असे दोन वास तिथे एकत्र नांदत होते आणि कोणी कोणाला हटवत नव्हतं. पलीकडे रेल्वेचं यार्ड होतं. सकाळी मालगाडीचे डबे जोडताना लांबत जाणारा धाडधाड आवाज यायचा, त्याच्या पाठोपाठ लष्करी हद्दीतला बिगुल, मग घरमालकीण काकूंच्या बांगड्या आणि भाकरी थापल्याचा आवाज. मी गादीवर डोळे मिटून हे सगळं क्रमाने ऐकायचे आणि क्रम चुकला नाही म्हणजे आजचा दिवस धड जाईल असं मनाशी ठरवायचे. तेव्हा मला सारखी धास्ती असायची. नळ जास्त सोडला, चप्पल आडवी राहिली, दुसऱ्यांदा भात घेतला, अशा कुठल्याही कारणाने मला जायला सांगतील असं वाटायचं. कोणी कधी सांगितलं नाही. पण धास्ती काही कारण विचारून येत नाही. आता केस पिकले तरी कोणाच्या घरी जेवायला बसले की माझा हात अजून भाताच्या भांड्याशी थबकतो.

नववीत माझी शाळा सुटली. आमचं गाव आर्वीच्या पुढे. बाप जिथं कापसाच्या गाठी बांधायला होता ते जिनिंग बंद पडलं आणि मग घरातल्या एकेक गोष्टी सुटत गेल्या, त्यात शाळाही होती. गल्लीतली एक मुलगी हडपसरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात होती. तिच्यामागोमाग मी आले, सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग करायला लागले आणि तिनेच मला काकूंच्या दारात उभं केलं. काकूंचा मुलगा अभय कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला होता. त्या वर्षांत पुण्यातल्या घराघरांतून मुलं अशी उडून जात होती आणि मागे राहिलेल्या खोल्यांत आमच्यासारख्या मुली कॉट बेसिसवर, भाड्याने राहायला येत होत्या.

"आठच्या आत घरात," काकूंनी दारातच सांगितलं. "मोरीत केस पडले तर ज्याचे त्याने काढायचे. जेवणात काही आवडनिवड?"

"नाही."

"खोटं. सगळ्यांना असते. कळेल हळूहळू. ये आत."

मी उंबरा ओलांडला तेवढ्यात आतून एक भारदस्त आवाज आला. "श्वास घेऊ नका कोणी. आणि ते दार लावा, वारा येतोय." खिडकीशी टेबलावर एक उंच, काटकुळे गृहस्थ वाकून बसले होते. एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग, हातात चिमटा आणि चिमट्यात केसाएवढी तार. ती तार त्यांनी हिरव्या रंगाच्या, वीतभर लांबीच्या रणगाड्यावर टेकवली, थांबले आणि मग स्वतःच सोडलेल्या श्वासाबरोबर म्हणाले, "हं. आता जगा." हे काका. रणगाड्यांच्या पलटणीतून रिसालदार म्हणून निवृत्त झालेले. पुण्यात इतकी वर्षं राहून त्यांची जीभ शहराने धार लावून दिल्यासारखी झाली होती, पण टोचलं तरी रक्त यायचं नाही.

काकांच्या खोलीतलं काचेचं कपाट म्हणजे एक छावणीच होती. वरच्या फळीवर शिशाचे गोरे शिपाई, लाल डगल्यांचे, कोणाची बंदूक मोडलेली तर कोणाचं डोकं टाक्याने बसवलेलं. हे सगळे जुन्या बाजारात, गंजक्या कुलपांच्या आणि फुटक्या कपबशांच्या ढिगाऱ्यातून वेचून आणलेले. मधल्या फळ्यांवर रणगाडे, चिलखती गाड्या, तोफा ओढणारे ट्रक. ही सगळी प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून घरी जोडलेली. पूर्वी असे खोके कोणी परदेशातून येणारा आणेल तेव्हाच मिळायचे आणि काका वर्षभर वाट पाहायचे. पुढे बाजार खुला झाला, कॅम्पातल्या दुकानांत खोके दिसू लागले आणि मग तर अभयच तिकडून पाठवायला लागला. सगळ्यात खालच्या फळीवर मातीचे मावळे होते. दिवाळीच्या किल्ल्यांसाठी रस्त्यावर विकायला बसतात तिथून दर वर्षी एक आणायचा असा काकांचा नेम. कोणाचं नाक गालापर्यंत रंगलेलं, कोणाची ढाल पाठीमागून निघालेली. "यांना खाली का ठेवलं?" मी एकदा विचारलं. "किल्ला खालूनच लढवतात," काका म्हणाले. "वर बसून हुकूम सोडणारे वर आहेत."

रविवारी सकाळी ते मला जुन्या बाजारात न्यायचे. एकदा एका शिपायासाठी त्यांनी इतका वेळ घासाघीस केली की विकणारा वैतागून म्हणाला, "आजोबा, याला एक पाय नाही, तरी तुम्ही भाव पाडताय?" काका म्हणाले, "मी पायाचा भाव पाडतोय. बाकीचा पूर्ण देतो." दोघंही हसले आणि शिपाई वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात आला. येताना त्यांनी मला उसाचा रस पाजला. कोणी आपल्यासाठी असं न मागता काही घेतं तेव्हा काय म्हणायचं हे मला माहीत नव्हतं. मी रस फार सावकाश प्यायले.

टेबलाशी मी कशी गेले ते सांगते. काकांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चाकं, पट्टे, तोफेची नळी हे ते अजून जमवायचे, पण माणसं रंगवायची म्हणजे, बोटाच्या पेराएवढा माणूस, त्याचा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. ब्रश डोळ्याजवळ नेला की तो गालावर उतरायचा. मी दिवसभर भिंगाखाली मुंगीच्या पायाएवढ्या तारा जोडत असे. माझा हात हलत नसे. एका संध्याकाळी त्यांनी खुर्ची सरकवली आणि ब्रश माझ्याकडे केला. त्यानंतर कारखान्यातून आले, चहा झाला, की आम्ही दोघं खिडकीशी. काकू आतून म्हणायच्या, "वनिता, आठ तास डोळे फोडून आलीस, आता इथं आणखी फोड. नंतर चष्म्याचे पैसे यांच्या रणगाड्यांकडे माग." पण दिव्याची मान माझ्या बाजूला वळवून जायच्या त्याच.

काकांच्या मनात वर्षानुवर्षं एकच काम होतं. लढाईत त्यांच्या तुकडीत तीन रणगाडे होते. फौजी लोक रणगाड्याला गाडी म्हणतात, काकाही तसंच म्हणत. मधली गाडी काका चालवत. पुढच्या गाडीवर तोफेला होता जगराम, राजस्थानकडचा, भरतीच्या दिवसापासूनचा दोस्त. दोघं एका ताटात जेवायचे. एकाचं पत्र आलं की दोघं वाचायचे. पुढची गाडी एका दुपारी जळाली आणि काका आपल्या गाडीच्या फटीतून ते पाहत राहिले, कारण थांबायचा हुकूम नव्हता. याहून जास्त त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गाडी ओढून मागे आणली तेव्हा तिच्या पट्ट्यांत गच्च बसलेली माती काकांनी खरवडून जगरामच्याच तंबाखूच्या डबीत भरली. ती डबी पुढे प्रत्येक बदलीच्या गावी, प्रत्येक ट्रंकेतून त्यांच्याबरोबर फिरली. अमेरिकेला मुलाकडे जाऊन आले तेव्हासुद्धा कस्टमवाल्याच्या डोळ्यांदेखत नेली-आणली.

आता त्यांना त्या तीन गाड्या करायच्या होत्या, त्या सकाळी होत्या तशा, आणि त्यांच्यावर तीच माती लावायची होती.

"सगळी?" मी विचारलं.

"सगळी. माझ्यामागे ही डबी कोणीतरी उघडेल, वास घेईल आणि कुंडीत ओतेल. अभय चांगला मुलगा आहे, पण त्याला डबीतली माती ती मातीच वाटणार. गाडीवर असली तर निदान कोणी फेकणार नाही. जगरामला त्याच्या जागेवर उभं करायचंय, वनिताबाई. एवढं झालं की कपाट बंद."

त्या पावसाळ्यात आम्ही तेच केलं. तीन गाड्या उभ्या राहिल्या. मी त्यांच्या झाकणांतून अर्धी वर आलेली माणसं रंगवली. बाकीचे पटकन जमले, जगराम जमेना. काका भिंगातून पाहायचे आणि निकाल द्यायचे. "हा जगराम नाही. हा पोस्टातला कारकून आहे." मी पुसून पुन्हा काढायचे. "हा तर लग्नाला निघालाय." पुन्हा पुसायचं. "डावी भुवई वर घे. सतत काहीतरी विचारतोय असा दिसायचा. विचारायचाही. लय पिडायचा." एका संध्याकाळी त्यांनी भिंग लावलं आणि तसेच वाकून पाहत राहिले. मला वाटलं, पुन्हा पुसायला सांगणार. त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं, डोळे चोळले आणि आत वळून हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये. जगराम आलाय." काकू कणकेच्या हातांनी आल्या, वाकून बघितलं आणि हळूच पदर सावरला, दारात खरोखरीचा पाहुणा असल्यासारखा.

मग माती. काकूंच्या छोट्या खलबत्त्यात ती कुटली. काकू म्हणाल्या, "आता त्यात वेलदोडा कुटायचा नाही म्हणजे मी," आणि नवा खल आणेपर्यंत चहात वेलदोडा पडला नाही. जुन्या मलमलीतून गाळली, पातळ डिंकात कालवली, ब्रशच्या टोकाने पट्ट्यांच्या खाचांत, चाकांच्या आड, चिखल उडून बसतो तिथे तिथे लावली. वाळल्यावर थोडी कोरडी बोटावर घेऊन फुंकली. काका सांगत होते, मी लावत होते. शेवटी त्यांनी डबी उलटी करून टेबलावर ठोकली, आतला कण न् कण जगरामच्या गाडीच्या पुढच्या अंगाला लावला आणि रिकामी डबी खिशात टाकली. आता म्हणे तसा चिखल तयार बाटलीत मिळतो, वाळूचा वेगळा, नदीकाठचा वेगळा, फोनवर मागवला की दुसऱ्या दिवशी दारात. माझी मुलगी मला दाखवत होती. मी बघितलं आणि फोन तिला परत दिला.

त्या दसऱ्याला माझी माय पहिल्यांदा पुण्याला आली. काकूंनीच बोलावून घेतलं. "आईला कळू दे तरी पोरगी कुठं राहते ते." माय आली ती डोक्यावर बोचकं, त्यात जवसाची चटणी, गव्हाचे वाळवलेले सरगुंडे, तुरीची डाळ, आणि डोळ्यांत मी इथं आल्यापासून होती तशीच धास्ती. ती माझ्याहून जास्त घाबरलेली आहे हे बघून मला फार वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं, की ही धास्ती माझ्या एकटीची नाही, ती आमच्या घरचीच आहे. माय खुर्चीच्या काठावर बसायची. काकू स्वयंपाकघरात गेल्या की मागे जायची आणि काकू तिला खांदे धरून परत आणून बसवायच्या.

"भांडे तरी घासू द्या ना जी बाई."

"पाहुण्या आहात तुम्ही. बसा बघू."

"मी कधी बसलीच नाही हो. माह्या पायाइले मुंग्या येऊन राह्यल्या."

काकू हसायच्या. त्यांचा तो मान होता, पाहुण्याला काम सांगायचं नाही. पण जिने जन्मात कधी कोणाचं फुकट खाल्लं नाही तिला तो मान चावत होता. मला म्हणायची, "वने, या मानसाइनं तुले लेकीवानी ठेवलं. आपून काय करतो त्याइच्यासाठी? काहीच नाही." मी म्हणायचे, काही करायचं नसतं माय. ती मान हलवायची, पण तिला ते पटत नव्हतं, मलाही कुठं पटत होतं.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी काकांनी देवघरासमोर पाट मांडला. त्यावर लाल कापड, आणि कापडावर त्यांची खुखरी, पान्यांचा जुना संच, माझी सोल्डरिंगची कांडी, काकूंची विळी आणि मधोमध त्या तीन गाड्या. माय बाजूला उभी राहून सगळं पाहत होती. "हे तुमचे हत्यारं जी दादा?" तिने विचारलं. काका म्हणाले, "हो ताई. उद्या यांची पूजा." तिने लांबूनच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी आमच्या कारखान्यात मशीनची पूजा होती. सोल्डरिंगच्या कांड्यांना हळद-कुंकू, नारळ, पेढे आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी. मी पेढ्याचा पुडा घेऊन निघाले तेव्हा खुशीत होते. मायला कॅम्प दाखवायचं मनात होतं. काकू देवीची ओटी भरायला गेल्या होत्या, काका झेंडू आणायला मंडईत. काका आणि मी फाटकाशीच भेटलो. त्यांच्या हातातल्या पिशवीतून झेंडूची फुलं वर आली होती. "तुमच्या मशीनने आशीर्वाद दिला का पगारवाढीचा?" असं काहीतरी ते बोलत होते आणि आम्ही आत शिरलो.

माय देवघरासमोर उभी होती. कपाळावर घाम, पदर खोचलेला आणि तोंडावर असा आनंद की मी लहानपणापासून तिच्या तोंडावर तो कधी पाहिला नव्हता. पाटावर खुखरी चकचकत होती. पाने घासून पांढरे झाले होते. विळी नवी दिसत होती. आणि मधोमध त्या तीन गाड्या, स्वच्छ, हिरव्यागार, ओल्या. चाकांच्या खाचा कोरून काढलेल्या. प्रत्येक गाडीच्या नळीवर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट. जगरामच्या एवढ्याशा कपाळावर काडीच्या टोकाने लावलेला कुंकवाचा ठिपका.

"पाहा ना जी दादा," माय म्हणाली, "कशा लखलख करून राह्यल्या. किती चिखल बसला होता व माय! म्या म्हटलं, देवापुढं अशा कशा ठेवाच्या? आमच्याकडं खुरपं असो का विळा, दसऱ्याले मातीचा कण ठेवत नाही. साबनानं निंघेना, मंग दातनाच्या काडीनं कोरून काढलं. तवा कुठं निंघाली."

आमच्याकडे खरंच तसंच असतं. वर्षभर माती अंगावर घेऊन राबलेलं हत्यार त्या दिवशी आंघोळ करून पाटावर बसतं. माती तशीच ठेवून पूजा केली तर तो देवीचा अपमान. पाटावर ठेवलेली हत्यारं, त्यांच्यावर चिखल, घरात कोणी नाही, आणि हात रिकामे. माझ्या मायने दुसरं काय करायचं होतं?

 मला वाटलं, आता हे घर संपलं. त्याहून वाईट, मला दिसत होतं की काका तोंड उघडतील आणि मायच्या चेहऱ्यावरचं ते सगळं माझ्यादेखत विझेल. काका पाटाकडे बघत होते. हातातली पिशवी कधी कलली कळलं नाही, दोन-चार झेंडू जमिनीवर पडले.

"ताई," काकांनी विचारलं, अगदी हळू, "धुतलेलं पाणी कुठं ओतलं?"

"मोरीत ओतलं जी. बालटीभर पानी कायंकुट्ट झालं होतं. वरून दोन तांबे टाकले, मोरीबी स्वच्छ केली."

काकांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. मग ते मोरीकडे गेले. मला वाटलं हात-पाय धुवायला गेले. बराच वेळ नळाचा आवाज आला नाही. आले तेव्हा चेहरा कोरडाच होता. त्यांनी पडलेली फुलं उचलली, पाटासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "चांगलं केलंत ताई. माझ्याच्याने झालं नसतं. या, फुलं तुम्हीच वाहा."

मायने पदर डोक्यावर घेतला आणि प्रत्येक गाडीवर एकेक फूल ठेवलं. जगरामच्या गाडीवर ठेवताना ती थांबली. "याचं तोंड लय गोड काढलं. कोन हाये हा?"

"माझा दोस्त."

"मंग उद्या बोलवा ना जी त्याले जेवाले. दसऱ्याचा दिवस हाये."

"लांब असतो तो, ताई," काका म्हणाले.

काकू तेवढ्यात आल्या. दारातून त्यांनी पाट बघितला, नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओटीचं ताट त्यांनी कट्ट्यावर ठेवलं आणि मला दंडाला धरून मोरीच्या पलीकडे नेलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "तुझ्या आईला यातला एक शब्द कळता कामा नये. आज नाही आणि कधीच नाही. कळला तर माझ्याशी गाठ आहे. तोंड धू. आणि पेढे कुठे आहेत?"

मी तोंड धुतलं. मोरीच्या जाळीत एखादा कण अडकला असेल म्हणून वाकून पाहिलं. मायने मोरी फार स्वच्छ केली होती.

दुपारी पुरणपोळी होती. काकांनी ताटात मायची जवसाची चटणी दोनदा मागून घेतली, "असली चटणी पलटणीत मिळाली असती तर लढाई लवकर आटपली असती," असं म्हणाले आणि माय तोंडावर पदर घेऊन इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या घरात ती पहिल्यांदाच खुर्चीत पाठ टेकून बसली. दसरा करून जाताना एसटी स्टँडवर मला म्हणाली, "वने, आता कसं हलकं वाटते. त्याइच्या कामी आली मी." गाडी सुटेपर्यंत मी हसत होते.

परत आले तेव्हा काका टेबलाशी होते. गाड्या समोर, दिवा न लावलेला. मी रेल्वेच्या बाजूने येताना रुमालात थोडी माती आणली होती. काय करणार होते कोण जाणे. काकांनी रुमालाकडे पाहिलं. मी म्हणाले, "काका, स्वच्छ असल्या म्हणून काय झालं? परेडच्या दिवशी अशाच असतील ना गाड्या?"

"असायच्या," काका म्हणाले. "परेडला जगराम कधी नसायचा. दर वेळी आजारी पडायचा, साला." आणि ते हसायला गेले, पण हसू मध्येच दुसरंच काहीतरी झालं. त्यांनी खिशातून ती रिकामी डबी काढली आणि नाकाशी धरली. मी रुमाल तसाच मुठीत धरून उभी राहिले. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं फार वाटलं. ठेवला नाही. ते माझे कोण होते हे मला तेव्हा ठरवता येत नव्हतं आणि आज ठरवता येतं तर ते नाहीत.

कपाट मात्र त्यांनी बोलल्याप्रमाणे बंद केलं. अभयचे खोके येत राहिले, ते न उघडता माळ्यावर जात राहिले. मला वाटलं होतं की त्या घराची माझ्यावरची माया आता आटेल, पण माझं लग्न त्याच दारातून झालं, हडपसरच्या पुढे मांजरी गावात माझं घर लागलं तेव्हा काकूंनी नवा खलबत्ता दिला, आणि ज्या उसाच्या मळ्यांतून मी सायकलने कामाला जायचे तिथे काचेच्या इमारती उठल्या, त्यातल्या एकीत आज माझी मुलगी कामाला जाते. हे सगळं कोणामुळे ते मला माहीत आहे.

पुढच्या खंडेनवमीला गावातल्या एसटीडी बूथवरून मायचा फोन आला. मी घरातच होते. काकांनीच उचलला. पलीकडून मायचा आवाज मलाही ऐकू येत होता, ती फोनवर नेहमी रानातल्यासारखी ओरडायची. "दादा, गाड्या धुतल्या का जी?"

"धुतो ताई," काका म्हणाले. फोन ठेवला आणि काकूंना म्हणाले, "बादली दे जरा. आणि साबण."

"अहो, काय हे? काय धुणार आता त्यांच्यावरचं?"

"ताईंना सांगितलंय धुतो म्हणून."

थरथरत्या हातांनी त्यांनी त्या स्वच्छ गाड्या मोरीशी बसून धुतल्या, पुसल्या, पाटावर ठेवल्या. त्यानंतर दर वर्षी तेच. दर वर्षी मायचा फोन, दर वर्षी बादली. लग्नानंतरही मी त्या दिवशी घोरपडीला जायचे. धुऊन धुऊन कडांचा हिरवा रंग गेला, खालचं करडं प्लॅस्टिक दिसू लागलं, गाड्यांवरचे नंबर पुसले. जगरामची वर गेलेली भुवई पुसली. मी ती पुन्हा काढू का विचारलं, तर काका नको म्हणाले. माय गावात सगळ्यांना सांगायची की पुण्यात आपल्या हातानं लष्कराच्या गाड्यांची पूजा सुरू झाली, ती अजून चालू आहे. ती हे सांगतच राहिली आणि तिचं सांगणं काकांनी खोटं होऊ दिलं नाही.

काकांच्या शेवटच्या वर्षी ते अंथरुणावरून उठत नव्हते. मी त्यांच्या उशाशी होते. काकू पाट मांडायचं का नाही या विचारात आत-बाहेर करत होत्या. फोन आता मोबाइलवर आला. मी तो काकांच्या कानाशी धरला. मायने विचारलं ते खोलीभर ऐकू आलं.

काकांनी मोरीच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाले, "या वर्षी राहिल्या, ताई. जमलं नाही."

"राहू द्या जी दादा," माय म्हणाली. "जिवाले तरास नका करू. बरे झाले की धुवा निवांत. माती काय पयून जाते का कुठं?"

काकांनी डोळे मिटले.

"नाही ताई," ते म्हणाले, "कुठं जातेय."